घरात बाईमाणूस कोण?

माझी मुलगी अनुया दहा वर्षांची आहे आणि मी बेचाळीस वर्षांचा. आम्ही दोघं मिळून फॅमिली होत नाही, असं मला गेल्या दिवाळीच्या आधी सहा घरमालकांनी सांगितलं. कुणी गोड बोलून सांगितलं, कुणी फोनवर. एकाने तर मी जिन्यात असतानाच आतून ओरडून सांगितलं.

माझी बायको रुपाली ऑगस्टमध्ये डेंगीने गेली. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "तुम्ही जा कामावर, मला बरं वाटतंय." मी गेलो. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला आणि संध्याकाळी हॉस्पिटलात सगळं संपलं होतं. दहाव्याला जमलेल्या बायका मला म्हणाल्या, "भाग्याची हो, अहेव गेली." नवऱ्याच्या आधी गेली म्हणून भाग्याची. अडतीस वर्षांची बाई, दहा वर्षांची पोर मागे ठेवून गेली, आणि म्हणे भाग्याची. तेव्हा मी काही बोललो नाही. अंगात ताकद नव्हती. आता आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही मूळचे भूमचे, धाराशिव जिल्ह्यातले. मी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये आहे, पत्रा दाबायच्या मशिनवर. संत तुकाराम नगरमध्ये आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना घर हवं होतं. माणसं चांगली, त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तसंही मला चाकणच्या जवळ जायचं होतं. रुपाली होती तोवर मी दीड तास बसमध्ये बसलो काय आणि दोन तास बसलो काय, घरात पोरीला बघायला कुणीतरी होतं. आता पोर शाळेतून येते आणि कुलूप उघडून एकटी बसते. मला लवकर पोचता येईल असं घर पाहिजे होतं आणि आजूबाजूला बोलणारी, दार उघडं ठेवणारी माणसं पाहिजे होती. बाकी काही नको होतं.

आमच्या लाईनचा सुपरवायझर क्षितिज म्हणून आहे, सत्तावीस वर्षांचा. मला काका म्हणतो. त्याने जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक लेख काढून दाखवला. कुटुंबासाठी नवं ठिकाण कसं निवडावं.

"काका, यात सगळं आहे बघा. पाणी, शाळा, दवाखाना, बाग. आणि हे वाचा, शेजार मनमिळाऊ आहे का ते संध्याकाळी स्वतः जाऊन पाहा."

"आणि मनमिळाऊ शेजाऱ्याने आपल्याला घेतलं नाही तर?"

"असं कुठं असतं का काका? पगार रेग्युलर आहे तुमचा."

मी तो लेख खरा धरला. तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवर अनुयाला घेऊन फिरलो. पाणी किती वेळ येतं विचारलं, टँकर लागतो का विचारलं, शाळेची फाटकं बघितली. मला वाटलं, निवडायचं मी आहे. लेखात तसंच लिहिलं होतं. निवडणारे दुसरेच असतात हे त्या लेख लिहिणाऱ्याला माहीत नसावं. त्याची बायको जिवंत असेल.

पहिलं घर चिखलीत. खाली लेथ मशिनचं वर्कशॉप, वर दोन खोल्या. आवाज होता, पण मला आवाजाची सवय आहे. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या.

"दिवसा घरात कोण असतं?"

"मुलगी. शाळेतून आल्यावर."

"बाईमाणूस कोण?"

"मंडळी ऑगस्टमध्ये वारली."

"अरेरे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मग तुम्ही बॅचलरच की हो. आमचं फक्त फॅमिलीसाठी आहे."

"बाई, माझं बारा वर्षं लग्न झालेलं होतं."

"होतं ना," त्या म्हणाल्या.

अनुया माझा हात धरून उभी होती. तिने त्या बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपणच जिना उतरायला लागली.

मोशीत जुन्या गावठाणात मालोजी म्हणून एक म्हातारे आहेत. शेती होती तिथे आता त्यांची चार मजली इमारत आहे. त्यांनी मला चहा पाजला. माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, इथे जमलं.

"राग मानू नगा, पाव्हणं," ते म्हणाले. "पोरीची जात हाय. तुमी दिसभर कंपनीत. उद्या काय कमीजास्त झालं तर बोल आमच्यावर यायचा. न्हाई म्हंजी न्हाई."

"दादा, तिला बघायला शेजारी माणसं असावीत म्हणूनच मी इथं आलोय."

"व्हय, कळतंय मला. असं करा, दुसरं लगीन करा. जोडीनं या. त्याच दिवशी चावी हातात देतो."

रुपालीला जाऊन अडीच महिने झाले होते. मी कप खाली ठेवला तो बशीबाहेर. म्हाताऱ्याने वाईट मनाने सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतो. वाईट मनाने सांगितलं असतं तर भांडलो तरी असतो.

बाकीच्या चार जणांचं लिहीत नाही. शब्द तेच.

मग धनेश भेटला. तो घरांचा एजंट आहे, मोशीतच टपरीएवढं ऑफिस आहे त्याचं. त्याने माझं ऐकलं आणि हसला.

"भाऊ, तुमची चूक सांगू? तुम्ही पहिल्याच वाक्यात वहिनी वारल्याचं सांगता. कशाला सांगता?"

"मग काय सांगू?"

"गावाला गेल्यात म्हणा. सासूबाई आजारी आहेत, सेवेला गेल्यात. आधार कार्ड आहे ना त्यांचं घरात?"

"आहे."

"बास. इथल्याच एका सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे, तिच्या फॉर्मला जोडायचं. कमिटी फॉर्म बघते, माणूस नाही. एकदा सामान आत गेलं की कोण बाहेर काढतंय?"

"आणि दोन महिन्यांनी विचारलं तर?"

"तेव्हा सांगा, तिकडेच वारल्या. राव, लोक उलट डबा आणून देतील."

मी त्याच्या अंगावर धावून जायला पाहिजे होतं. गेलो नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. मी त्याच्या टेबलावर बसून सोसायटीचा फॉर्म भरला. पत्नीचे नाव या रकान्यात रुपालीचं नाव लिहिलं, वय अडतीस लिहिलं, व्यवसाय गृहिणी लिहिलं. सध्या कुठे, असा रकाना फॉर्मवर नव्हता. त्या आधार कार्डाची झेरॉक्स काढताना दुकानदार म्हणाला, फोटो काळा येतोय, चालेल का? मी म्हटलं, चालेल.

अनुयाला मी टेम्पोत सांगितलं. मागे सामान, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. ड्रायव्हर फोनवर बोलत होता तेवढ्यात सांगितलं. "कुणी विचारलं तर आई आजीकडे गेलीय म्हणायचं."

"किती दिवस?"

"थोडे दिवस."

"आणि मग?"

मी म्हटलं, मग बघू. दहा वर्षांच्या पोरीला, जिने स्वतःच्या आईच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं, तिला मी हे सांगितलं.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती जास्त वाईट आहे. ती सोसायटी खरोखर चांगली निघाली. पार्किंगमध्ये संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं खेळतात. समोरच्या फ्लॅटमध्ये सुमनताई राहतात. त्यांचे मिस्टर भोसरीत नोकरीला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. त्यांनी पहिल्याच दिवशी पोळ्या आणून दिल्या. अनुया शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे जायची, तिथेच जेवायची, अभ्यास करायची. डिसेंबरात तिला ताप आला तर मी फर्स्ट शिफ्टला गेलेलो, दिवसभर सुमनताईंनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मी सांगितलं असतं तर मला दार न उघडणारी हीच माणसं. हे डोक्यात यायचं आणि त्यांच्या घरचा घास गिळवायचा नाही.

पार्किंगमध्ये लिफ्टशेजारी सगळ्या रहिवाशांच्या नावांचा फलक आहे. चेअरमन मुकुंदराव हौशी आहेत, विमा कंपनीतून रिटायर झालेत. त्यांनी आठवड्यात आमचं नाव लावलं. श्री. ज्योतीराम व सौ. रुपाली. मी रोज पहाटे सव्वापाचला बससाठी निघताना त्या फलकासमोरून जायचो. डोळे खाली घालून जायचो.

आणि सगळे विचारायचे. प्रेमाने विचारायचे. "वहिनी कधी येणार?" "सासूबाईंना आता कसंय?" सुमनताई म्हणाल्या, "वहिनींचा नंबर द्या हो, बायकांच्या ग्रुपात घेते." मी म्हटलं, गावात रेंज येते-जाते. "आमच्या नाशिकच्या जावयासारखं बोलताय," त्या हसल्या. "नको असलेला फोन आला की त्याची पण रेंज जाते." मी पण हसलो. हसावं लागलं.

मी कमी बोलून वेळ काढत होतो. अनुयाला ते जमत नव्हतं. दिवसातले पाच तास ती सुमनताईंकडे. तिला विचारणारे जास्त. मी तिला एक वाक्य दिलं होतं, त्याला तिने पुढची वाक्यं जोडली. आईचा काल फोन आला. आई शेंगदाण्याची चटणी पाठवणार आहे. आई म्हणते शाळा कशी आहे. हे मला एकेक करून बाहेरून कळायचं. घरी मात्र ती आईचं नावही काढायची नाही. रुपाली गेल्यावर ती पहिले आठ दिवस रडली होती. इथे आल्यापासून एकदाही रडली नाही. मला वाटलं, पोर सावरली. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी सुट्टीवर घरीच होतो. दुपारी सुमनताई दारात आल्या. हातात हळदीकुंकवाच्या यादीचा कागद.

"रविवारी खाली हळदीकुंकू आहे. वहिनी शनिवारी येतायत ना? अनुया म्हणाली."

"अनुया म्हणाली?"

"हो तर. केव्हाचं सांगतेय. आणि ऐका, तुमची पोर म्हणजे अगदी. मी म्हटलं संक्रांतीला काळी साडी नेसतात, आईला सांग काळी घेऊन ये. तर म्हणते, नाही, आई हिरवी नेसणार. आईची हिरवी साडी खूप छान आहे, नवी आहे, एकदाच नेसलीय."

हिरवी साडी माझ्या मेव्हण्याने हॉस्पिटलच्या समोरच्या दुकानातून आणली होती. अहेव बाईला हिरवी लागते म्हणून. रुपालीला ती शेवटी नेसवली, ओटी भरली आणि तशीच नेली. एकदाच नेसली, हे खरं आहे.

मी दाराला धरून उभा राहिलो. मग म्हटलं, "सुमनताई, ती येणार नाही. रुपाली ऑगस्टमध्ये वारली."

त्यांना आधी समजलंच नाही. "कोण? सासूबाई?"

"माझी बायको. आम्ही इथं यायच्या आधीच. मी फॉर्मवर खोटं लिहिलं."

त्या आमच्या चपलांच्या रॅकवर बसल्या. मग त्यांचं तोंड लाल झालं.

"मी रोज विचारत होते हो त्या पोरीला. रोज. आईचा फोन आला का, आई काय म्हणाली. जेवताना विचारायचे. माझ्याकडून काय करून घेतलंत तुम्ही?"

"मला घर कुणी देत नव्हतं."

"मला सांगायचं होतंत. कमिटीला नका सांगू, मला सांगायचं होतंत."

त्या उठल्या आणि समोरचं दार लावून घेतलं.

हळदीकुंकू झालं की नाही मला माहीत नाही. आम्ही खाली गेलो नाही. आठवडाभर मी रजा टाकली, अनुयाला शाळेनंतर समोर पाठवलं नाही, आणि का ते तिला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मला पार्किंगमध्ये बोलावलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पंधरा-वीस माणसं होती. अनुयाला मी वर ठेवलं. मुकुंदरावांच्या हातात माझा फॉर्म होता.

"ज्योतीराम, तुमच्या दुःखाबद्दल आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण ही फसवणूक आहे. तुम्ही एका महिन्यात जागा सोडावी असं कमिटीचं मत आहे. मालकांशी बोलणं झालंय."

"फसवणूक केली, मान्य," मी म्हटलं. "सगळ्यांची माफी मागतो. पण एक सांगा, मी फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर तुम्ही मला घर दिलं असतं?"

"खरं लिहिलं असतंत तर नक्की विचार केला असता."

"फाटकावर पाटी आहे, फक्त फॅमिलीसाठी. मी आणि माझी पोर, फॅमिली आहे की नाही?"

"तसं नाही, नियम सगळ्यांना सारखा असतो. आता बॅचलर मुलं येतात, गोंधळ घालतात, म्हणून..."

"मी बेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या पोरीची वेणी मी घालतो. मी काय गोंधळ घालणार आहे?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज खाली ठेवा, भाऊ." मी ठेवला नाही.

"माझा आवाज सहा महिने खालीच होता. रुपाली घरी होती तेव्हा मी दिवसभर कंपनीत असायचो, तेव्हा मी फॅमिलीवाला होतो. आता मी शिफ्ट बदलून घेतो, डबा करतो, शाळेच्या मीटिंगला जातो, तर मी बॅचलर झालो. तुमचा हा नियम कुठून आला ते मला सांगा."

तेव्हा शेवटच्या खुर्चीवरून सुमनताई बोलल्या. "नसतं दिलं, मुकुंदराव. उगाच कशाला? आपण ह्यांना नसतं दिलं. गेल्या वर्षी त्या शाळेतल्या बाईंना नाही म्हटलं, मुलगा घेऊन एकट्या राहणार होत्या. मीच नको म्हटलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही पोरीच्या तोंडून खोटं वदवून घेतलंत, ते मी विसरणार नाही."

"विसरू नका," मी म्हटलं. "मी पण विसरत नाही."

मुकुंदराव घसा खाकरून म्हणाले, "तर मग महिनाभरात..."

"मला लेखी द्या," मी म्हटलं. "करार सप्टेंबरपर्यंत आहे. त्याआधी जायला सांगताय तर सोसायटीच्या कागदावर लिहून द्या. आणि कारण लिहा. बायको वारली हे कारण असेल तर तसं लिहा. मी खोटं बोललो हे असेल तर मला खोटं का बोलावं लागलं तेही लिहा. खाली सगळ्यांच्या सह्या करा. मी तो कागद घेऊन जातो."

सेक्रेटरीच्या हातात पेन होतं. तो मुकुंदरावांकडे बघत होता. मुकुंदराव फॉर्मकडे बघत होते. मी उभा राहिलो. पाच मिनिटं तरी झाली असतील. एक जण उठून गाडी पुसायला गेला, दुसऱ्याला फोन आला.

"बघू," शेवटी मुकुंदराव म्हणाले. "लगेच काही नाही. बघू आपण."

"आणि फलकावरचं नाव बदला," मी म्हटलं. "आज बदला. ती सौ. नाही, ती नाहीच आहे. तिच्या जागी माझ्या पोरीचं नाव लिहा."

एवढं बोलून मी जिन्याने वर आलो. लिफ्टसाठी थांबलो नाही. मी जिंकलो असं मला वाटलं नाही, अजून वाटत नाही. आतापर्यंत लेखी काही आलेलं नाही, पण येता-जाता तिघं-चौघं बोलत नाहीत.

अनुया हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. तिने खालचं सगळं ऐकलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि माझा आवाज मोठा आहे.

"सगळ्यांना कळलं?" तिने विचारलं.

"हो."

"सुमन आजीला पण?"

"तिला आधीच. तू आता काही सांगू नकोस. कुणी विचारलं तर आई वारली म्हणायचं. माझी चूक होती. मी तुला असं सांगायला नको होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता आई येणार नाही?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. आईच्या तोंडात तिने स्वतः पाणी घातलं होतं. पण अडीच महिने रोज तीच सगळ्यांना सांगत होती, आई येणार आहे. शनिवारी येणार आहे. सांगून सांगून तिने आईला परत भूमपर्यंत, आजीच्या घरापर्यंत आणून ठेवलं होतं. आणि खाली पार्किंगमध्ये मी एवढ्या लोकांसमोर ओरडून सांगितलं की ती नाही.

"नाही बाळा," मी म्हटलं. "येणार नाही."

तेव्हा ती रडली. हॉस्पिटलात रडली होती तशी नाही, त्याहून मोठ्याने. आई, आई म्हणून हाका मारत रडली. मी तिला धरलं तर माझ्या छातीवर मुठी मारायला लागली. मी मारू दिलं.

गॅलरीचं दार उघडं होतं. खाली खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते, माणसं अजून तिथेच होती. मी पटकन दार लावायला उठलो. अडीच महिने तीच सवय लागली होती, घरातला आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. हात कडीपर्यंत गेला. मग वाटलं, का लावू? कुणासाठी लावू?

मी दार होतं तसं उघडं ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन बसलो. खालचे आवाज एकदम बंद झाले होते. ऐकू देत म्हटलं.